जुना जर्मन आयर्न क्रॉस खरा की नकली? नवीन लोकांसाठी पायरी-पायरीने

जर्मनीत नोकरी-शिक्षणासाठी आलेली आपली बरीच मंडळी वीकेंडला फ्लोमार्क्टला म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात चक्कर मारतात, आणि तिथे जुनी घड्याळं, कपबश्या, पोस्टकार्डं यांच्यामधे एखाद्या ट्रेमधे तो काळा क्रॉस, म्हणजे आयर्न क्रॉस हे जर्मन सैनिकांना मिळणारं मेडल, पडलेला दिसतोच. विकणारा म्हणतो पहिल्या महायुद्धातला आहे, एकदम ओरिजिनल, ऐंशी युरो द्या. आता घ्यायचा की सोडायचा? आणि काही जणांच्या बाबतीत उलटं असतं, क्रॉस आधीच घरात असतो, कुणीतरी दिलेला किंवा पणजोबांच्या ट्रंकेत सापडलेला, आणि तो खरा आहे का हे जाणून घ्यायचंय पण विचारायचं कुणाला हेच माहीत नसतं. मी या सगळ्यातून गेलोय, तेव्हा मराठीत तर सोडाच पण इंग्रजीतही सगळं एका जागी सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, म्हणून जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय.

सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. मेडल खरं की खोटं हे ठरतं ते बनवलंय कसं यावरून. शिक्का कुणीही मारू शकतो, जुनी रिबन वेगळी विकत मिळते, सर्टिफिकेट छापता येतं, काळपटपणा केमिकलने आणता येतो. पण लोखंडाचा गाभा आणि चांदीच्या दोन चौकटी वेगवेगळ्या बनवून त्या बारीक जोडायच्या हे काम स्वस्तातला नकली माल काढणारा करत नाही, त्याला ते परवडतच नाही. त्यामुळे नजर आधी जोडावर, मग बाकी सगळं.

आणि हा लेख मुख्यतः १९१४ च्या आयर्न क्रॉसच्या दुसऱ्या दर्जावर आहे (हा रिबनला लटकतो, त्यावरचा पहिला दर्जा पिनने छातीवर लावतात). कारण सरळ आहे, पहिल्या महायुद्धात हा क्रॉस सुमारे ५० लाख लोकांना दिला गेला, त्यामुळे खरे नग आजही भरपूर आहेत, बऱ्याचदा शंभर युरोच्या आत मिळतात, आणि त्यावर स्वस्तिक नसल्यामुळे जर्मनीत कायद्याची भानगडही नाही. शिकायचं असेल तर यावरच शिका. एकदा हा हातात घेऊन ओळखता यायला लागला की बाकीच्यांची अक्कल आपोआप येते.

काय काय लागेल

- दहापट मोठं दाखवणारी लूप, म्हणजे सोनार डोळ्याला लावतात ते भिंग
- व्हर्निअर कॅलिपर, साधा डिजिटल चालेल
- ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा
- छोटा पण जोरदार मॅग्नेट, शक्यतो कापडात गुंडाळलेला म्हणजे ओरखडा पडणार नाही
- ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च (स्वस्तातल्या जांभळ्या टॉर्च ३९५ च्या असतात, त्यांचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पडतो की काही कळत नाही)
- मोबाइल, आणि तुलनेसाठी ज्याच्याबद्दल शंका नाही असा एक खरा क्रॉस, स्वतःचा नसेल तर कुणाचा तरी, नाहीतर चांगले फोटो

बाजारात जाताना लूप आणि मॅग्नेट खिशात असले तरी पुरे, बाकीचं घरी.

१. आधी नेमका कुठला क्रॉस आहे ते ओळखा

हा मान प्रशियाचा (जर्मन राज्यांपैकी सगळ्यात मोठं राज्य) राजा फ्रीडरिक विल्हेल्म तिसरा याने मार्च १८१३ मधे नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी सुरू केला, डिझाइन कार्ल फ्रीडरिक शिंकेल या आर्किटेक्टचं. नंतर तो १८७० ला, १९१४ ला आणि १९३९ ला पुन्हा चालू केला गेला.

इथेच नवीन माणसाची पहिली गफलत होते. क्रॉस उलटा केला की खालच्या भुजेवर १८१३ लिहिलेलं दिसतं आणि माणूस हरखून जातो की आपल्या हाती दोनशे वर्षांपूर्वीचा खजिना लागला. तसं नाहीये. १८७०, १९१४, १९३९ या सगळ्यांच्या दुसऱ्या दर्जाच्या क्रॉसवर मागच्या बाजूला १८१३ असतंच, ते स्थापनेचं वर्ष आहे. ऑनलाइन जाहिरातींमधे "१८१३ चा आयर्न क्रॉस" म्हणून लावलेला माल दिसला की दुसऱ्या बाजूचा फोटो मागा, निम्म्या गोष्टी तिथेच मिटतात.

१९१४ च्या क्रॉसवर एका बाजूला वर मुकुट, मधे सम्राट विल्हेल्मचा डब्ल्यू, खाली १९१४. दुसऱ्या बाजूला वर मुकुट आणि त्याखाली एफडब्ल्यू म्हणजे फ्रीडरिक विल्हेल्म, मधे ओकची तीन पानं, खाली १८१३. १९३९ च्या क्रॉसवर मधे स्वस्तिक, खाली १९३९, आणि मागे फक्त १८१३, तिथे मुकुट नाही की पानं नाहीत.

आणखी एक प्रकार लक्षात ठेवा. १९५७ मधे पश्चिम जर्मनीत कायदा झाला की युद्धातली मेडलं घालायची असतील तर स्वस्तिक काढलेल्या रूपातच घालायची. त्यामुळे माजी सैनिकांसाठी स्वस्तिकाच्या जागी ओकची पानं घातलेले १९३९ चे क्रॉस बनले. हे नकली नाहीत, रीतसर बनलेले आहेत, पण युद्धकाळातलेही नाहीत. विकणारा जर हा "१९३९ चा" म्हणून युद्धकाळाच्या भावात देत असेल तर सोडून द्या, आणि १९५७ चा म्हणून वाजवी भावात देत असेल तर खुशाल घ्या.

२. जोड बघा (सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा)

खरा क्रॉस तीन भागांचा. मधे काळ्या रंगाचा लोखंडी गाभा, आणि त्याला पुढून-मागून धरणाऱ्या चांदीच्या दोन चौकटी, या चौकटी बाहेरच्या कडेला एकमेकींना डाक (सोल्डर) देऊन जोडलेल्या.

आता क्रॉस आडवा धरा, कड डोळ्यासमोर आणा, आणि लूपमधून त्या कडेवरून हळूहळू सगळीकडे फिरा. खऱ्या नगात दोन चौकटी जिथे भेटतात तिथे कडेच्या मधोमध एक बारीक रेष जाते, ती कारागिराने घासून जवळजवळ नाहीशी केलेली असते पण कुठेतरी, विशेषतः आतल्या कोपऱ्यांमधे जिथे कानस नीट पोचत नाही तिथे, ती सापडते. डाक किंचित वेगळ्या रंगाची दिसू शकते. नकली ओतीव मालात एकतर रेषच नसते कारण सगळं एकाच साच्यातून आलेलं असतं, नाहीतर ओतकामाची जाड शिवण असते आणि ती घालवायला मारलेल्या कानशीचे आडवेतिडवे ओरखडे सगळ्या कडेवर दिसतात.

मग क्रॉस सरळ धरा आणि चौकट आणि गाभा जिथे भेटतात तिथे बघा. खऱ्या नगात गाभा हा चौकटीच्या आत बसवलेला असतो, त्यामुळे तिथे खरीखुरी फट असते, केसासारखी, त्यात शंभर वर्षांची धूळ, थोडा गंज, कधी रंगाचे पोपडे अडकलेले. टॉर्च तिरकी धरली की त्या फटीत सावली पडते. नकलीत काय असतं, तर चौकट आणि गाभा एकच धातू, नुसता मधला भाग काळा रंगवलेला, म्हणून काळा आणि पांढरा जिथे भेटतात तिथे फट नाही, नुसती ब्रशची किंवा स्प्रेची हद्द, आणि ती हद्द लूपखाली वाकडी असते, काळा रंग कुठे चौकटीवर चढलेला, कुठे अलीकडेच थांबलेला. एकदा ही सावली आणि ही रंगाची हद्द शेजारी शेजारी बघितली ना, की पुढे कधीच विसरत नाही. म्हणून म्हणतो एक खरा नग तुलनेला ठेवा.

चौकटीच्या आतल्या बाजूने बारीक मण्यांची ओळ जाते. ती प्रेसमधे ठोकून काढलेली असते, त्यामुळे खऱ्यात प्रत्येक मणी सुटा आणि मणी-मण्यामधली खाच स्वच्छ. वापराने झिजलेली असली तरी झीज उंच भागावर असते, खाचा शाबूत राहतात. ओतीव नकलीत मणी आणि खाच दोन्ही एकसारखे बुळबुळीत, वापरून गुळगुळीत झालेल्या साबणासारखे, आणि लूपखाली सपाट भागावर बारीक बारीक खड्डे दिसतात, ते ओतताना अडकलेल्या हवेचे. असे खड्डे दिसले तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरजच नाही.

३. मोजा आणि वजन करा

१९१४ चा दुसरा दर्जा साधारण ४२ मिलिमीटरच्या आसपास असतो, १९३९ चा थोडा मोठा, ४४ च्या आसपास. बनवणारे अनेक होते म्हणून थोडाफार फरक चालतो.

पण मोजमापाचा खरा उपयोग वेगळाच आहे. नकली बनवणारा खऱ्या क्रॉसचा साचा काढून त्यात धातू ओततो, धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे नक्कल मूळ नगापेक्षा नेहमी जराशी लहान निघते. म्हणून नुसतं बाहेरचं माप घेऊन थांबू नका, आकड्यांची उंची, मुकुटाची रुंदी अशी आतली मापंही घ्या आणि त्याच बनवणाऱ्याच्या खऱ्या नगाशी ताडून बघा. सगळीच मापं सारख्या प्रमाणात कमी भरली तर समजून जा. वजन बहुतेकदा पंधरा ते वीस ग्रॅमच्या दरम्यान येतं, फारच हलका किंवा फारच जड लागला तर शंका घ्या, पण एकट्या वजनावर निकाल देऊ नका.

४. मॅग्नेट लावा, पण मॅग्नेटवर विसंबू नका

गाभा लोखंडाचा म्हणून मॅग्नेट मधे चिकटायला हवा, आणि चौकट चांदीची म्हणून कडेला चिकटायला नको. कडेला म्हणजे अगदी बाहेरच्या टोकाला लावून बघा, कारण मॅग्नेट जोरदार असेल तर आतल्या लोखंडामुळे कडेलाही ओढ लागते आणि गोंधळ होतो.

आता यातले दोन धोके. एक, नकली मालातही लोखंडी गाभा घालतात, त्यामुळे मॅग्नेट चिकटला म्हणजे खरा असं अजिबात नाही. दोन, काही खऱ्या क्रॉसचे गाभे पितळेचे किंवा जस्ताचे असतात, ते चिकटत नाहीत, आणि हे जास्त करून १९३९ च्या मालात दिसतं. पण नवीन माणसाने न चिकटणारा क्रॉस घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, "हा खास नौदलासाठी बनवलेला, गंज लागू नये म्हणून" अशी गोष्ट हमखास ऐकवली जाते आणि त्या गोष्टीचे जादा पैसे लावले जातात.

५. रिंग आणि शिक्के

दुसऱ्या दर्जाच्या क्रॉसला वर एक कडी असते आणि त्यातून रिबनची मोठी रिंग. शिक्का असला तर तो या रिंगवर असतो. १९१४ च्या क्रॉसवर "केओ" म्हणजे बर्लिनच्या राजेशाही टांकसाळीचा, "एस-डब्ल्यू" म्हणजे झ्यू उंड वाग्नर, "विल्म" म्हणजे बर्लिनचे सोनार विल्म, असे रोमन अक्षरांतले शिक्के मिळतात. ८०० असा आकडा असेल तर तो चांदीच्या शुद्धतेचा, हजारात आठशे भाग चांदी. पुष्कळ खऱ्या क्रॉसवर काहीच शिक्का नसतो, तो नसला म्हणून घाबरू नका.

१९३९ च्या क्रॉसवर पुढे पुढे अक्षरांऐवजी नंबर आले. ४ म्हणजे ल्यूडेनशाइडचे श्टाइनहाउअर उंड ल्यूक, २६ म्हणजे फॉर्त्सहाइमचे बे. हा. मायर, ६५ म्हणजे क्लाइन उंड क्वेंत्सर, १०० म्हणजे व्हेश्टलर उंड लांगं. ल्यूडेनशाइड आणि फॉर्त्सहाइम ही दोन्ही गावं पिढ्यान्‌पिढ्या धातूकाम आणि दागिन्यांची, तिकडे राहणाऱ्यांनी फॉर्त्सहाइमचं दागिन्यांचं म्युझियम जरूर बघावं, ही कारागिरी कुठून आली ते तिथे कळतं.

पण शिक्क्याचा अर्थ कसा लावायचा ते नीट समजून घ्या. शिक्का हा पुरावा नाही, तो एक दावा आहे. "मला अमक्याने बनवलं" असा. मग तुम्ही तपासायचं की त्या अमक्याच्या खऱ्या नगांमधे मुकुट असाच असतो का, १९१४ मधला ४ असाच काढलेला असतो का, ओकच्या पानांच्या शिरा अशाच जातात का. प्रत्येक कारखान्याचा ठसा, म्हणजे नक्षी उठवायची डाय, वेगळा होता. शिक्का एकाचा आणि ठसा दुसऱ्याचा असं दिसलं तर तिथेच थांबा. आणि काही कारखान्यांतून युद्ध संपल्यावरही माल निघत राहिला, व्हिएन्नाच्या रुडोल्फ सोउवाल यांचं नाव यासाठी कलेक्टर लोकांत प्रसिद्ध आहे, तिथे ठसा मूळचाच असू शकतो आणि तरी माल युद्धानंतरचा. अशा नावांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका.

६. काळपटपणा, गंज, रंग

खरी चांदी कालांतराने काळी पडते, पण सगळीकडे सारखी नाही. बोटं लागतात, कपडा घासतो तिथे उजळ राहते, खाचाखोचांत काळी होते, आणि काळेपणाच्या कडेला पिवळट-निळसर झाक येते. केमिकलने काळा केलेला माल सगळीकडे एकसारखा काळा, आणि ओल्या कापसाने पुसलं तर कापूस काळा होतो. गंजाचंही तसंच. गाभ्यावरचा खरा गंज रंगाच्या खालून वर येतो, रंग फुगतो, तडकतो, मग पोपडा निघतो. वरून लावलेला गंज रंगाच्या वर बसलेला असतो, नखाने निघतो.

गाभ्याचा काळा रंग चकचकीत प्लास्टिकसारखा दिसत असेल तर क्रॉस खरा असूनही कुणीतरी पुन्हा रंगवलेला असू शकतो. त्याने तो नकली होत नाही पण किंमत बरीच पडते.

आणि हात जोडून विनंती, क्रॉस घासूनपुसून लख्ख करू नका. आपल्याकडे जुनं काही सापडलं की आधी चिंच नाहीतर पितांबरी लावायची सवय असते, देवांच्या भांड्यांना ते ठीक आहे, इथे नको. शंभर वर्षांचा काळपटपणा पाच मिनिटांत जातो, त्याबरोबर तुमचा अर्धा पुरावाही जातो, आणि पाण्याने आतल्या लोखंडाला गंज लागतो तो वेगळाच.

चांदी तपासायची असेल तर हॉलमार्किंग सेंटरला किंवा मोठ्या सराफाकडे एक्स-रेने धातू सांगणारं मशीन असतं, त्यावर ठेवायला सांगा, त्याने वस्तूला काहीही होत नाही. कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका आणि ॲसिडचा थेंब तर मुळीच टाकू देऊ नका. एवढं मात्र ध्यानात ठेवा की युद्धात टंचाईमुळे काही चौकटी चांदीऐवजी दुसऱ्या पांढऱ्या धातूच्याही झाल्या, म्हणून मशीनने चांदी कमी दाखवली तरी लगेच फेकून देऊ नका, जोडाची तपासणी काय सांगते ते परत बघा.

७. रिबन

लढणाऱ्या सैनिकाची १९१४ ची रिबन काळी आणि कडांजवळ दोन पांढरे पट्टे. न लढणाऱ्यांची उलटी, पांढरी आणि दोन काळे पट्टे. १९३९ ची मधे रुंद लाल, मग पांढरा, मग काळा.

अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्च मारा. युद्धानंतरच्या धाग्यात पांढरेपणा वाढवणारं केमिकल असतं, ते निळसर-पांढरं झगझगीत चमकतं. जुना धागा मंद दिसतो. पण यातही गोम आहे, जुनी रिबन कुणी आजच्या डिटर्जंटमधे धुतली असेल तर ती पण चमकते, कारण तेच केमिकल साबणात असतं. आणि मुख्य म्हणजे रिबन बदलता येते! खऱ्या क्रॉसला नवी रिबन आणि नकलीला जुनी, दोन्ही सर्रास दिसतं. त्यामुळे रिबनवरून रिबनबद्दलच निकाल द्या, क्रॉसबद्दल नको.

चार-पाच मेडलं एका पट्टीवर ओळीने शिवलेली मिळाली तर मागचं कापड, टाके, पिन बघा आणि मेडलांची सांगड लागते का तेही बघा. त्या काळी प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेंबर्ग यांची मेडलं वेगवेगळी होती, हाम्बुर्ग, ब्रेमेन, ल्यूबेक या तीन शहरांचे तर तीन वेगळे हान्झिआटिक क्रॉस होते. आयर्न क्रॉसशेजारी एखाद्या राज्याचं मेडल असणं अगदी स्वाभाविक, पण एका साध्या शिपायाच्या पट्टीवर चार राज्यांची मेडलं दिसली तर बहुधा कुणीतरी सुटी मेडलं जमवून महाग विकायला पट्टी बांधलीय.

८. कागदपत्रं आणि नावं

आपल्याकडच्या लोकांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण आपण बघितलेली मेडलं वेगळी. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी भागातल्या पुष्कळ घरांत ब्रिटिश काळातली मेडलं आहेत, त्यांच्या कडेवर शिपायाचं नाव, नंबर, पलटण ठोकलेलं असतं. जर्मन आयर्न क्रॉसवर सरकार नाव घालत नव्हतं. नाव नाही म्हणून संशय नको. उलट पहिल्या दर्जाच्या क्रॉसच्या मागे सुंदर अक्षरात नाव आणि तारीख कोरलेली दिसली तर ती सैनिकाने स्वतः पैसे देऊन कोरून घेतलेली असते, किंवा मग मागच्या महिन्यात कुणीतरी किंमत वाढवायला कोरलेली. लूपखाली बघा, कोरलेल्या खाचेत काळपटपणा आहे की आत धातू चकचकीत आहे.

या भागातल्या काही घरांत जर्मन वस्तू असणं अशक्य नाही. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटलीत जर्मनांसमोर लढल्या, यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या तिथल्याच लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिकडून परतलेल्या जवानाच्या ट्रंकेत एखादा क्रॉस आला असेल तर तो १९३९ चाच असेल असं नाही, कारण पहिल्या युद्धात मिळालेला १९१४ चा क्रॉस जर्मन सैनिक दुसऱ्या युद्धातही लावत. अशा घरच्या वस्तूसोबत आजोबांचं सर्व्हिस बुक, फोटो, पत्रं असतील तर सगळं एकत्र ठेवा, क्रॉस वेगळा काढून विकू नका, खरी किंमत त्या एकत्र असण्यात आहे.

जर्मन बाजूची कागदपत्रं म्हणजे क्रॉस दिल्याचं प्रमाणपत्र, आणि सैनिकाचं पुस्तक ज्यात मानसन्मानांची नोंद असते. प्रमाणपत्र लूपखाली धरा. टाइपरायटरचं अक्षर कागदात रुतलेलं असतं, मागून बोट फिरवलं तर हाताला लागतं. प्रिंटरवर काढलेल्या कागदात सही आणि शिक्का दोन्ही बारीक रंगीत ठिपक्यांनी बनलेले दिसतात, आणि यूव्हीखाली नवा कागद झगझगतो.

नाव मिळालं तर अर्काइव्हमधे विचारता येतं. पण प्रशियाच्या सैन्याचं पॉट्सडामचं दफ्तर एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, त्यामुळे प्रशियाच्या सैनिकाबद्दल फारसं हाती लागत नाही. बव्हेरियाचं म्युनिकला, व्युर्टेंबर्गचं श्टुटगार्टला, बाडेनचं कार्ल्सरूहेला शाबूत आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी बुंडेसआर्किव्हला, म्हणजे जर्मनीच्या केंद्रीय दफ्तराला लिहायचं. विकणारा जर म्हणाला की "प्रशियाच्या अधिकृत यादीत हा क्रॉस नोंदलेला आहे, मी तपासलंय", तर त्याला ती यादी कुठे बघितली एवढंच शांतपणे विचारा.

९. घेताना

- विकणाऱ्याची गोष्ट ऐकून घ्या, पण पैसे फक्त हातातल्या वस्तूचे द्या. "माझ्या आजोबांचा" हे कुणीही म्हणू शकतं.
- एकाच टेबलावर एकसारखे, एकाच छटेचे काळपट चार-पाच क्रॉस असतील तर पुढे चला.
- ऑनलाइन घेताना पुढचा, मागचा, कडेचा आणि रिंगचा असे चार फोटो मागा. कडेचा फोटो द्यायला टाळाटाळ केली तर व्यवहार नको.
- परत घेण्याची लेखी हमी मागा, नावाजलेले डीलर ती देतात.
- पूर ल मेरीत (तो प्रसिद्ध निळा क्रॉस, पहिल्या महायुद्धात अवघ्या ६८७ वेळा दिला गेला) किंवा १९३९ चा नाइट्‌स क्रॉस (आयर्न क्रॉसचाच आणखी वरचा दर्जा, सात हजारांच्या आसपास) फ्लोमार्क्टमधे दिसला तर हातही लावू नका. तिथे हजारो युरोंचा प्रश्न असतो, त्यामुळे नकला तितक्याच मेहनतीने बनतात आणि वर लिहिलेली जोडाची तपासणीसुद्धा तिथे अपुरी पडते.
- जर्मनीत स्वस्तिक असलेली वस्तू जाहीरपणे दाखवणं किंवा पसरवणं फौजदारी कायद्याच्या ८६ अ कलमात बसतं, संशोधन-शिक्षणासारखे अपवाद आहेत. म्हणूनच दुकानांत त्यावर स्टिकर लावलेला असतो. स्वतःच्या १९३९ च्या क्रॉसचा फोटो उघडपणे पोस्ट करू नका, आणि ते चिन्ह कशाचं आहे हे लक्षात ठेवून घरीसुद्धा शोभेला मांडू नका. तो अभ्यासाचा पुरावा आहे, तसाच ठेवा.
- घरात सापडलेला १९१४ चा क्रॉस भारताबाहेर न्यायचा असेल तर शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागू होतो, आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा.

१०. तरीही खात्री नसेल तर

राश्टाटच्या राजवाड्यातलं लष्करी इतिहासाचं म्युझियम, इंगोलश्टाटचं बव्हेरियन सैन्याचं म्युझियम, ड्रेस्डेनचं लष्करी म्युझियम, यातलं जे जवळ असेल तिथे एक दिवस काढा आणि काचेआडचे खरे नग निवांत बघा. तिथे कुणी तुमच्या क्रॉसची किंमत करून देणार नाही, पण डोळा तयार होतो तो असाच. त्यानंतर एखाद्या जुन्या कलेक्टरला किंवा लिलाव करणाऱ्या संस्थेच्या जाणकाराला दाखवा, आणि एकाला नाही, दोघांना. ज्याला तुमच्याकडून वस्तू विकत घ्यायचीय त्याचं मत हे तिसरं धरा.

फोटो पाठवताना खिडकीजवळचा दिवसाचा उजेड वापरा, फ्लॅश बंद, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. दोन्ही बाजू, चारही कडा, रिंग जवळून, आतला एक कोपरा लूपमधून, आणि टॉर्च तिरकी धरून घेतलेला एक. वजन आणि मापं सोबत लिहा. क्रॉस कुठून मिळाला हे शेवटी लिहा, आधी लिहिलंत तर समोरचा वस्तूआधी गोष्टच वाचतो.

आणि खरा निघाला तर प्लास्टिकच्या पिशवीत किंवा स्वस्तातल्या नाण्यांच्या अल्बममधे ठेवू नका, त्या प्लास्टिकमधून निघणारा चिकट द्रव चांदीला लागतो. साध्या सुती कापडात किंवा ॲसिड नसलेल्या कागदात गुंडाळून डबीत ठेवा. मुंबई-कोकणात असाल तर डबीत सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात ती दर महिन्याला बदला, कारण गाभा लोखंडाचा आहे आणि आपल्याकडची दमट हवा जर्मनीपेक्षा लवकर त्याला गंज चढवते.